पेला पुढे दिला

"सिस्टर, तुम्ही दवाखान्यातल्या. तुम्हीच सांगा," आढावभाऊ म्हणाले. "प्रभुभोजनाला एकाच पेल्यातून सगळी मंडळी पिते. त्या पोराला तो रोग असला, तर तो आपल्याला होईल का नाही? एका शब्दात सांगा."

चर्चच्या मागच्या खोलीत पंचांची सभा चालली होती. आम्ही सात पंच, त्यात बाई मी एकटी. आढावभाऊ सेक्रेटरी. पाळकसाहेब खिडकीपाशी बसून चष्मा पुसत होते. पुसून पुसून काच झिजायची वेळ आली होती.

उत्तर मला तोंडपाठ होतं. तीन आठवड्यांपूर्वीच आमच्या हॉस्पिटलात मुंबईहून एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. सगळ्या नर्सेसना हॉलमध्ये बसवून एड्सवर दोन तास बोलल्या. मी माझ्या हाताने वहीत लिहून घेतलं होतं: ताटातून नाही, पेल्यातून नाही, हात मिळवल्याने नाही, डास चावल्याने नाही. खाली दोन रेघाही ओढल्या होत्या.

आणि मी म्हणाले, "खात्रीने काही सांगता येत नाही, भाऊ."

झालं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. एकजण म्हणाला, मग त्या दुसऱ्या चर्चमध्ये असतात तसे छोटे छोटे ग्लास आणू, ज्याचा त्याचा वेगळा, म्हणजे प्रश्नच मिटला. त्याच्यावर मात्र सगळे तुटून पडले.

"काय बोलता!" आढावभाऊंचा आवाज चढला. "आपल्या आज्यांना गावात कुणी पेला दिला नाही. ओंजळ धरायची आणि वरून पाणी ओतायचं. इथे पहिला पाळक बामणाचा ख्रिस्ती झालेला, तो प्यायला आणि त्याच पेल्यातून आपली माणसं प्याली. त्या एका पेल्यासाठी लोकांनी गाव सोडलं, भाऊबंद सोडले. तो पेला मी असेपर्यंत बदलायचा नाही!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. हो, पेला बदलायचा नाही, हे सर्वानुमते ठरलं. मग उरला तो माणूस. भाऊंनी ठराव लिहिला: रक्ततपासणीचा दाखला आणून पंचांचं समाधान होईपर्यंत योहाने फिरी यांनी प्रभुभोजनाला पुढे येऊ नये. "तुमचाच भाडेकरू आहे, सिस्टर. तुम्हीच सांगा त्याला. गोडीने सांगा."

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. आज मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, रिटायर होऊनही जमाना झाला. खोटं का बोलले, हे आता लपवून कुणाला फसवायचं? पुढच्या महिन्यात महिला मंडळाची निवडणूक होती आणि अध्यक्षपद माझ्याकडे चालून येत होतं. योहानेला मंडळीत मीच आणलं म्हणून बायका आधीच माझ्याकडे तिरप्या डोळ्यांनी बघायच्या. त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःला हेच कारण सांगितलं. खरं कारण याहून वाईट होतं, पण ते मलाही अजून धड दिसलं नव्हतं.

योहाने आदल्या वर्षी जूनमध्ये माझ्याकडे राहायला आला. आफ्रिकेतल्या मलावी देशाचा, पुण्यात शेतकी शिकायला आलेला. आमचं घर घोरपडीत. मिस्टर जाऊन चार वर्षं झाली होती, मूलबाळ नाही, गच्चीवरची खोली रिकामी. पोरगा इतका उंच की माझ्या दारातून वाकून आत यायचा, आणि वाकल्यावर तसाच थोडा वाकून बोलायचा. पहिल्याच दिवशी सामान टेकवलं आणि विचारलं, "सिस्टर, इथे मंडळी कुठे भरते?" आम्ही अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी बोलत असू, पुढे पुढे त्याने मराठी उचलली. इथे मी सगळं मराठीतच सांगते.

मराठीचं ओ की ठो कळत नसताना हा पठ्ठ्या दर रविवारी भक्तीला हजर. आमच्या काही गायनांच्या चाली त्याला लहानपणापासून ठाऊक होत्या. शब्द त्याने इंग्रजी अक्षरांत एका वहीत उतरवून घेतले आणि असा खड्या आवाजात गायला लागला की म्हाताऱ्यांच्या डोळ्यांना पाणी. आढावभाऊंनी तर नाताळात त्याला घरी नेलं. अकरा करंज्या खाल्ल्या पोराने! भाऊ आठवडाभर प्रत्येकाला सांगत होते, "अकरा! मोजल्या मी."

हे भाऊ वाईट माणूस नव्हते, हे सांगून ठेवते. माझे मिस्टर गेले तेव्हा पेटीला पहिला खांदा त्यांनी दिला होता.

मग वर्तमानपत्रांत त्या रोगाच्या बातम्या यायला लागल्या, आणि प्रत्येक बातमीत आफ्रिका. आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. दहा-दहा माणसं टेबलासमोर अर्धगोलात उभी राहतात. आधी भाकरीची थाळी फिरते, मग पेला, हातोहात. आपण एक घोट घ्यायचा, पांढऱ्या रुमालाने कडा पुसायची, शेजाऱ्याला द्यायचा. द्राक्षारस म्हणजे काळ्या मनुका उकळून काढलेला रस, तो बरीच वर्षं मीच करायचे. तर, आधी योहानेच्या नंतर कोण उभं राहतं याच्याकडे कुणाचं लक्ष नसे. फेब्रुवारीत दिसलं की त्याच्या डावीकडची जागा भरायला वेळ लागतोय. मार्चमध्ये ती रिकामीच राहिली. एप्रिलमध्ये तर तो आपण होऊन शेवटच्या फेरीत शेवटी जाऊन उभा राहिला, आणि त्याच्यानंतर पेला सरळ टेबलावर गेला. तीन कुटुंबांनी भाऊंना सांगितलं, याचं काहीतरी करा, नाहीतर आम्ही दुसरं चर्च बघतो. म्हणून ती सभा.

निरोप सांगायला मी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी तो कॉलेजातून येताना जिन्यात गाठला.

"योहाने, पंचांचं म्हणणं आहे... लोक जरा घाबरलेत बाबा. तू तो दाखला दाखवलास की..."

तो दोन पायऱ्या खाली उभा, तरी आमचे डोळे एका पातळीत. "कसला दाखला, सिस्टर? रक्ताचा?"

"हो."

त्याने पिशवीतून ती गायनांची वही काढली. तिच्यात घडी केलेले कागद होते. एक नाही, तीन. परदेशी पोरांना तेव्हा बोलावून बोलावून तपासत होते. "हा सप्टेंबरातला, हा जानेवारीतला, हा मार्चमधला," तो म्हणाला. "कुठला पाहिजे?"

तिन्हींवर लिहिलं होतं, रोग नाही.

"तुम्हाला पण भीती वाटते का, सिस्टर?" त्याने विचारलं. टोमणा नव्हता त्यात. दुखतंय का, असं आपण पेशंटला विचारतो, तसं विचारलं.

"छे छे! मी नर्स आहे," मी म्हणाले आणि कागद घेऊन तडक आढावभाऊंच्या घरी गेले.

भाऊंनी तिन्ही कागद उलटेसुलटे करून पाहिले. "मार्चमधलं रक्त आहे हे, सिस्टर. आता मे उजाडतोय. आज नाही, उद्या होईल. आणि तुम्हीच म्हणालात ना, खात्रीने सांगता येत नाही?"

"भाऊ, ते मी..."

"मला त्या पोराचं वाईट वाटत नाही का? पण तीन घरं जातील. तुमच्या शब्दावर सगळे गप बसलेत. आता तुम्ही फिरवलंत तर उद्या तुमच्यावर कोण विश्वास ठेवील?"

तिथेच सांगायला हवं होतं. चहा पिऊन घरी आले.

त्याच आठवड्यात माझे वडील आले. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. नेवाशाकडच्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तरकी करून केव्हाच रिटायर झालेले, त्या वर्षी त्यांचं वय चौऱ्याहत्तर. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात करायचं ठरलं होतं. ते झालं, डोळ्यावर हिरवी झापड लावून ते माझ्याकडे राहिले. वाचता येत नाही म्हणून दिवसभर कंटाळायचे. योहाने संध्याकाळी खाली येऊन त्यांच्याशी बुद्धिबळ खेळायचा. अण्णा एका डोळ्याने खेळूनसुद्धा त्याला हरवायचे आणि वर हिणवायचे, "लेका, एवढ्या उंचावरून तुला पट दिसत नाही का?"

एका संध्याकाळी मी दोघांना चहा दिला. योहाने नेहमीसारखा चहा संपल्यावर उठला, आपला कप आपण विसळला, मोरीच्या वरच्या खिडकीत पालथा घातला आणि वर गेला.

अण्णा त्या खिडकीकडे बघत राहिले.

"सगुणे, तो कप तिथं का ठेवला त्यानं?"

"त्याचा आहे तो."

"त्याचा म्हणजे? त्यानं विकत आणलाय?"

"नाही हो. त्याला वेगळा काढून दिलाय. जरा... स्वच्छतेचं बरं पडतं."

अण्णा उठले, भिंत धरत धरत मोरीपर्यंत गेले, कप हातात घेतला, बोटांनी चाचपला. कान तुटलेला कप होता. घरातले चांगले कप होते सहाचे सहा, पण त्याच्यासाठी मी नेमका तुटका काढला होता. कधी काढला? त्या बातम्या यायला लागल्या तेव्हा. कुणी सांगितलं नव्हतं, मी विचारही केला नव्हता. एका सकाळी हात आपोआप त्या कपाकडे गेला, बस. त्याची थाळीही वेगळी होती. दिवसभर वॉर्डात कुणाकुणाची घाण काढणारी बाई मी, वहीत दोन रेघा ओढून आलेली, आणि घरी आल्यावर हा माझा कारभार. पंचांसमोर माझ्या तोंडून जे निघालं ते महिला मंडळासाठी नव्हतं. ते या खिडकीतून निघालं होतं.

"आमच्या गावच्या हॉटेलात असाच होता," अण्णा म्हणाले. "बाहेर वळचणीला ठेवलेला. कान तुटलेला. चहा वरून ओतायचे. पिऊन झाला की आपला आपण विसळायचा नि परत ठेवायचा. मास्तर झालो, धोतर-कोट घालून गेलो, तरी तोच कप." ते थोडं हसले. "तो कप माझ्या लेकीच्या घरी भेटंल असं काही वाटलं नव्हतं बघ."

"अण्णा, तसं नाहीये ते. तुम्ही कुठली गोष्ट कुठे नेता! हा रोगाचा प्रश्न आहे."

"त्यांचा पण विटाळाचा प्रश्न होता. त्यांना काय वाटायचं, ते मुद्दाम छळतात? अगं, त्यांना खरंच भ्या वाटायचं." त्यांनी कप जागेवर ठेवला. "रोग होतो का त्यानं?"

मी फडकं घेऊन ओटा पुसायला लागले.

"सगुणे, मी तुला विचारतोय. तू शिकलेली आहेस. होतो का?"

"नाही होत."

"हे पंचांना सांगितलंस?"

मला रडू फुटलं. सगळं सांगून टाकलं, सभा, ठराव, दाखले, भाऊ. अण्णांनी ऐकून घेतलं. वाटलं, आता जवळ घेतील. त्यांनी घेतलं नाही. "डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली," एवढंच म्हणाले.

आता आमच्या मंडळीतली एक जुनी चाल सांगायला हवी. प्रभुभोजनाच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी तयारीची सभा भरते. गायन होतं, प्रार्थना होते, मग पाळकसाहेब विचारतात, "कुणाच्या मनात कुणाविषयी काही आहे का?" असेल त्याने उभं राहून सांगायचं आणि दोघांनी तिथल्या तिथे समेट करायचा. मन साफ केल्याशिवाय पेल्याला हात लावायचा नाही. माझ्या लहानपणी म्हणे लोक बांधाच्या भांडणापासून सगळं काढायचे. आमच्या वेळेपर्यंत त्याचा नुसता उपचार उरला होता. दोन जावा होत्या, त्या वर्षातून एकदा एका कोंबडीवरून उभ्या राहायच्या, हात मिळवायच्या आणि बाहेर पडल्या की पुन्हा सुरू. बाकी कुणी उठत नसे. पाळकसाहेब तीनपर्यंत मोजल्यासारखे थांबायचे आणि आशीर्वाद द्यायचे.

त्या शुक्रवारी अण्णा म्हणाले, मलाही यायचंय. योहानेच त्यांचा हात धरून घेऊन आला. तो पुढे बसला नाही, शेवटच्या बाकावर दाराजवळ बसला. ठराव सगळ्यांना ठाऊक झाला होता.

पाळकसाहेबांनी विचारलं, "कुणाच्या मनात कुणाविषयी काही आहे का?"

अण्णा उभे राहिले. पांढरं धोतर, डोळ्यावर हिरवी झापड.

"मी पाहुणा आहे. पण रविवारी मलाही भोजन घ्यायचंय, म्हणून उठलो. माझ्या मनात माझ्या मुलीविषयी काही आहे. सगुणा रणनवरेविषयी. काय आहे ते तिला ठाऊक आहे."

आणि बसले.

शंभर माणसांनी माना वळवल्या. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावी. असा राग आला अण्णांचा! चारचौघांत, माझ्याच मंडळीत, म्हाताऱ्याला काही पोच? पाळकसाहेब पण गांगरले. "बापलेकीचं घरगुती असेल काही," ते हसून म्हणाले. "या सिस्टर, वडिलांशी हात मिळवा, झालं."

किती सोपं करून दिलं होतं त्यांनी! मी उठले, अण्णांच्या बाकापाशी गेले, हात पुढे केला. "अण्णा, माझं चुकलं, माफ करा."

अण्णांनी दोन्ही हात मांडीखाली घातले. लहान पोर रुसून बसतं ना, तसे. हळूच म्हणाले, "माझ्याशी काय चुकलंय तुझं?"

माझा हात तसाच हवेत. मागच्या बाकावर योहाने होता. काय चाललंय ते त्याला नीट कळलेलं नव्हतं. म्हाताऱ्याला बरं वाटत नाही की काय म्हणून तो अर्धा उठून काळजीने अण्णांकडे बघत होता. त्या अर्ध्या उठलेल्या माणसाकडे बघितलं आणि माझ्यातलं काहीतरी सुटलं.

मी टेबलाकडे वळले. आवाज फाटत होता. "पंचांसमोर मी खोटं बोलले. पेल्यातून तो रोग होत नाही. मला तेव्हाही माहीत होतं. हॉस्पिटलात आम्हाला शिकवलंय, वहीत लिहिलंय माझ्या. पेल्यातून होत नाही, ताटातून होत नाही. योहानेला रोगही नाही. तीन दाखले आहेत, भाऊंनी पाहिलेत." श्वास घेतला. थांबता आलं असतं, पण आता थांबवेना. "आणि माझ्या घरी मी त्याचा कप वेगळा ठेवलाय. कान तुटलेला. खिडकीत."

शेवटचं वाक्य बोलले तशी बाकांवरची म्हातारी माणसं एकदम खाली बघायला लागली. ते कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. तिथल्या साठीपुढच्या प्रत्येकाने तो कप कुठे ना कुठे हातात धरलेला होता.

मग मी शेवटच्या बाकापर्यंत चालत गेले आणि योहानेला इंग्रजीत सांगितलं, मी तुझ्याविषयी खोटं बोलले, मला माफ कर. त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. "हो, हो, सिस्टर, माफ आहे," म्हणाला. माझ्याहून तोच जास्त अवघडला होता.

मग आढावभाऊ उठले, खिशातून तो ठराव काढला, चार तुकडे केले आणि खिशातच ठेवले, चर्चमध्ये कचरा नको म्हणून. "सिस्टरच्या शब्दावर केला होता," ते म्हणाले. "नाही, नुसतं तसं नाही. मलाही तेच ऐकायचं होतं." घोगऱ्या आवाजात एवढं बोलून ते खाली बसले.

रविवारी मी मनुका उकळल्या, रस गाळला. घरातले कप सगळे एका फळीवर लावले होते, तुटका फेकून दिला होता. मला फार हलकं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. केवढी मोठी गोष्ट केली आपण, असंही वाटत होतं. महिला मंडळ गेलं खड्ड्यात!

चर्च भरलेलं होतं. त्या तीन कुटुंबांतलं एक आलं नाही, दोन आली. पहिल्याच फेरीला आढावभाऊंनी योहानेला हाताने खूण करून पुढे बोलावलं आणि आपल्या डाव्या हाताला उभं केलं. मी मुद्दाम त्याच्या नंतरच्या जागेवर गेले. माझ्यापलीकडे अण्णा. सगळी मंडळी बघत होती. बघू देत, मी मनात म्हणाले.

भाकर फिरली. योहानेने तुकडा घेतला, डोळे मिटून खाल्ला. मग पेला आला. भाऊ प्यायले, कडा पुसली, पेला योहानेच्या हातात दिला. त्याने तो दोन्ही हातांनी धरला. मान खाली घालून क्षणभर उभा राहिला. आणि ओठाला न लावता, रुमालाने कोरडी कडा पुसून, पेला माझ्याकडे पुढे दिला.

मला कळेचना. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने डोळ्यांनीच सांगितलं, घ्या. मागे माणसं उभी होती. मी घोट घेतला, अण्णांना दिला.

घरी जाताना अण्णा भाऊंबरोबर पुढे चालत होते. मी योहानेला गाठलं.

"का नाही प्यायलास? ठराव फाडला ना त्यांनी? का मला माफ केलं नाहीस?"

"माफ त्याच दिवशी केलं, सिस्टर. खरंच."

"मग?"

तो माझ्यासाठी थोडा वाकून, शब्द शोधत बोलला. "पेला कशासाठी घ्यायचा? प्रभूची आठवण व्हावी म्हणून ना? माझ्या हातात पेला आला की मला त्याची आठवण होत नाही. माझ्या तोंडाकडे कोण कोण बघतंय, त्यांची होते. आज पण झाली. सगळे माझ्या ओठांकडे बघत होते. चांगल्या मनाने बघत होते, पण बघत होते." त्याने मान हलवली. "तसं मनात घेऊन प्यायचं म्हणजे खोटं होईल. भाकरीच्या वेळी कुणी बघत नाही. ती मला पुरते."

मी म्हणाले, "हळूहळू होईल सगळं ठीक." पेशंटच्या नातेवाइकांना म्हणतात तसं.

"हो, सिस्टर," तो म्हणाला.

तो अजून अडीच वर्षं माझ्याकडे होता. पास झाला, त्याच्या देशात परत गेला, नाताळात बरीच वर्षं पत्र यायचं. शेवटी शेवटी तर मंडळीत त्याच्याशिवाय पान हलत नसे. आढावभाऊंच्या मुलीच्या लग्नात वाढायला हाच पुढे. त्याच्या ओठांकडे बघायचं सगळे केव्हाच विसरून गेले होते.

तो विसरला नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो माझ्या शेजारी उभा राहायचा. भाकर घ्यायचा. पेला दोन्ही हातांत धरायचा, कोरडी कडा पुसायचा आणि माझ्याकडे द्यायचा. मी प्यायचे.